हौसाआजींच्या तांदळातले खडे

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीत हौसाआजींच्या दारात जो कोणी उभा राहील, त्याच्या हातात अर्ध्या मिनिटात काहीतरी पडतं. चहा नव्हे. भुईमुगाच्या शेंगा, मेथीची जुडी, नाहीतर निवडायच्या तांदळाचं सूप. "बस जरा. हात मोकळंच हायेत न्हवं?" हे त्यांचं स्वागत. पार्सल द्यायला आलेला कुरिअरवाला परत निघाला, तेव्हा त्याचा पाव किलो वाटाणा सोलून झाला होता. पार्किंगमध्ये शेंगा वाळत घातल्या म्हणून आमचे चेअरमन नोटीस घेऊन तावातावाने वर गेले आणि तासाभराने खाली आले. नोटीस वरच राहिली होती आणि चेअरमनच्या नखांत माती होती. "म्हातारीने शेंगा फोडायला लावल्या हो," एवढंच म्हणाले. त्या नोटिशीवर पुढे आठवडाभर आजी लसूण सोलत होत्या.

मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पहिल्याच भेटीत आजींनी विचारलं, "कंपनीत काय करतोस?"

मी जरा ताठ बसून सांगितलं, "तयार मालातला खराब माल शोधून बाजूला काढतो."

"म्हंजी निवडतोस," आजी म्हणाल्या आणि तांदळाचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.

तेव्हापासून गुरुवार ठरून गेला. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. बायको तिच्या शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे मी घरात एकटा. आजीही एकट्याच. मुलगा दत्ता फर्स्ट शिफ्टला, सूनबाई ऑफिसात आणि नातू आयटीत. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून तो मारुंजीला खोली घेऊन राहतो. तो कुठे असतो असं कोणी विचारलं, की आजी सांगतात, "परदेशात."

आजींचं वय विचारण्यात अर्थ नाही. "आधार कार्डावर लिवलंय ते, ज्यानं लिवलं त्याच्या मनाचं हाय," म्हणतात. जन्म चाकणच्या पुढच्या एका खेड्यातला. सात-आठ वर्षांच्या असताना बाजरीच्या माळ्यावर उभ्या राहून गोफणीने पाखरं हाकत होत्या. सासरी आल्या आणि पन्नास वर्षं कांदा लावला, खुरपला, काढला. वर पहाटे दुधाची किटली घेऊन कोसभर चालणं होतंच. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी नांगर स्वतः धरला. "बैल बी लाजला पहिल्या दिशी," असं सांगून त्या अजून हसतात. पुढे ती जमीन कंपनीत गेली. "आमच्या कांद्यात आता गाड्यांचं दरवाजं पिकत्यात. पानी बी द्याया लागत न्हाई." त्याच कंपनीत दत्ता नोकरीला आहे. त्यामुळे तो डबा घेऊन निघाला की आजी अजूनही विचारतात, "रानात निघाला का?"

मला खटकायचं ते एकच. आजींच्या तांदळात खडे फार. मी काढलेला खडा स्टीलच्या वाटीत टाकायचो, टण् वाजायचं. आजी खिडकीबाहेर बघत बोलत असायच्या आणि मग सुपाकडे न बघताच म्हणायच्या, "झालं निवडून. ऊठ आता." मी याला अनुभव समजत होतो.

पण दर गुरुवारी खडे म्हणजे काय? दिवसभर लोखंडावरचे ओरखडे शोधणारा माणूस मी. एकदा शेजारी फूटपट्टी ठेवून खड्यांचा फोटो काढला, कंपनीत काढतो तसा, आणि दत्ता जिथून तांदूळ आणतो त्या पिंपरीच्या दुकानदारासमोर मोबाईल धरला. तो म्हणाला, "साहेब, मशीनमधून निघालेली इंद्रायणी आहे ही. एवढा खडा त्यातून येणारच नाही." मी त्याला चार माणसांत खोटारडा म्हणालो.

आजींना हा पराक्रम सांगितला, तर त्या खूश होईनात. "कशाला भांडलास त्याच्यासंगं? तांदळात खडा असायचाच," म्हणाल्या.

पण मी हट्टाला पेटलो होतो. पुढच्या गुरुवारी मॉलमधून पाच किलोचं सीलबंद पाकीट आणलं, स्वतः कापलं आणि त्यांच्या डब्यात ओतलं. "आजी, आता निवडायची कटकट संपली. सुटलात तुम्ही."

आजींनी कोरडेच हात पदराला पुसले. "बरं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी मी पाच मिनिटांत घरी परतलो. टीव्ही लावला, तंगड्या पसरल्या आणि आपण एक चांगलं काम केलं म्हणून स्वतःवर जाम खूश होतो.

पुढच्या गुरुवारी दार उघडतो तर आजी समोर उभ्या. "आरं, तुझ्या पाकिटातबी खडं हायेत. ये."

आता मॉलवाल्यांची खैर नव्हती. तक्रारीसाठी मोबाईल काढून ठेवला आणि सूप मांडीवर घेतलं. एक खडा निघाला, दुसरा निघाला. तिसरा काळा, मधे पांढरी रेघ आणि एक कोपरा उडालेला. हा गडी कुठेतरी भेटलेला होता. मोबाईलमधला जुना फोटो उघडला. फूटपट्टीशेजारी तोच बसला होता, रेघेसकट.

आजी खिडकीबाहेर बघत सांगत होत्या, "आमच्या आळीत पाच जनी पाच सुपं घिऊन बसायचो. निवडनं कमी आन् बोलनंच जास्ती. सुपं ठिवली की ज्याचा त्यो आपल्या घरी. रिकाम्या हातानं कोन बसतंय रं कुनापाशी?"

मला स्वतःची लाज वाटली. क्वालिटीवाल्याला एवढं साधं दिसलं नव्हतं. त्यांचा गुरुवार मी पाकिटाबरोबर कापून टाकला होता आणि वर तंगड्या पसरून बसलो होतो.

मोबाईल खिशात घातला. वाटीत सहा खडे झाले होते. आजींची गोष्ट मात्र जेमतेम सुरू झाली होती. पाचांतल्या एकीचं लग्न मोडायच्या बेताला आलं होतं. मी आवाज न करता वाटीतले दोन खडे उचलले आणि परत तांदळात सारले.

"आजी, अजून असतील वाटतं. पुन्हा एकदा बघतो."

आजींनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"बघ सावकाश," त्या म्हणाल्या. "सातच हायेत. धुऊन टाकल्यात म्या."

मी सूप जवळ ओढलं आणि विचारलं, "मग त्या लग्नाचं काय झालं?"