पाटीवरचं शेवटचं गाव

आमचे शेजारी रामटेके कोणत्याही सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकतात. विचारलं नाही तरी. दोन हजार सालानंतर भुताचे आणि माथेफिरू खुन्यांचे जे सिनेमे आले, ते त्यांच्या विशेष प्रेमाचे. पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरात अशा शे-दीडशे सीड्या आहेत आणि प्रत्येकीच्या कव्हरवर बॉलपेनने शेवट लिहिलेला आहे. 'डॉक्टरच खुनी.' 'बाई पहिलेच मेली हाय.' 'भूत नाई, डोक्यात फरक.'

भाड्याने आणलेल्या सीड्यांवरही ते लिहीत. त्यामुळे वर्ध्यातल्या दोन दुकानदारांनी त्यांना पायरी चढायची बंदी केली. तिसऱ्याने दुकान बंद करताना सगळा माल त्यांनाच देऊन टाकला. तसाही तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

एकदा गणपतीत कॉलनीने पडद्यावर असाच सिनेमा लावला. सुरुवातीची नावं संपायच्या आत रामटेके उभे राहिले आणि मोलकरणीवर लक्ष ठेवा म्हणाले. पोरं खवळली. बायका मात्र निवांत शेंगा फोडत बसल्या.

मी त्यांना याबद्दल बोललो होतो. ते आर्वी डेपोत कंडक्टर होते, उत्तर तयारच होतं.

"सर, गाडीच्या पाटीवर शेवटचंच गाव लिवलं राह्यते ना? म्हणून काय लोक गाडीत बसत नाई? शेवट मालूम असला का भेव नाई लागत."

भेव लागायचं ते त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना. सिनेमा तर पाहायचा असे. मग रामटेके दुपारी एकटेच पाहून घेत, एकटेच घाबरत, आणि संध्याकाळी तिला शेवट सांगून पुन्हा शेजारी बसत. आम्ही या कॉलनीत आलो त्याआधीच त्या गेल्या. कशाने, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. टीव्हीसमोर खुर्च्या अजूनही दोन आहेत.

मागच्या वर्षी माझ्या पत्नीचे, मालतीचे रिपोर्ट आले. आजाराचं नाव लांबलचक होतं. डॉक्टर 'बघू' म्हणत. मी पुस्तक उघडी आणि तसंच मिटून ठेवी. रामटेके रोज येत, तिच्या पलंगाशी बसून एकेक सिनेमा शेवटापासून सांगत. ती हसे. एकदा त्यांना फाटकापर्यंत सोडताना मी विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारायची हिंमत नव्हती.

"रामटेके, हिचं काय होईल?"

ते बराच वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिले.

"हा पिच्चर म्या पाह्यला नाई, सर."

मला राग आला. आणि त्याच वाक्यावर मी पुढचे चार महिने काढले.

मालती गेल्यावर महिनाभराने त्यांच्याकडे गेलो. घरात बसवत नव्हतं, बाहेर जायला जागा नव्हती. ते आत चहा ठेवत होते. कपाटात सीड्यांच्या रांगेत दवाखान्याची एक जाड फाइल उभी होती, सुशीलाबाईंच्या नावाची. मी उघडली. तेच लांबलचक नाव. तीच औषधं, त्याच क्रमाने. पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत चार महिने. कव्हर मात्र कोरं होतं.

मान वर केली तर रामटेके कप घेऊन दारात उभे. 

मी फाइल जागेवर ठेवली, शेजारची एक सीडी काढली.

"ही लावा," मी म्हणालो. "पण शेवट आधी सांगा."

त्यांनी कप खाली ठेवले, सुशीलाबाईंची खुर्ची पंच्याने पुसली.

"बसा, सर," म्हणाले, आणि हळूहळू सांगू लागले.