डिचोलीतले नऊ लाल बाण

तुळशीवृंदावन रंगवून झाल्यावर लाल रंगाचा अर्धा डबा उरला आणि देवेशने तो फेकून दिला नाही. पुढे दोन दिवस अर्धी डिचोली जागेवर राहिली नाही, ती एवढ्याशा काटकसरीपायी.

देवेश इतिहासात एम. ए. झालेला. म्हणजे वय चोवीस, डोक्यात चारशे वर्षं आणि हातात नोकरी नाही. वडील गोकुळदास यांचा बाजारात पोसरो, म्हणजे तांदूळ-साखरेपासून झाडूपर्यंत सगळं मिळणारं दुकान. घरात देवेश दिवसातून वीसेक वेळा ‘वारसा’ म्हणायचा आणि वीसही वेळा गोकुळदासांची मान वर्तमानपत्रातून वर येत नसे.

वर आली ती त्या गुरुवारी.

“सोमवारी नऊ वाजता औषधांच्या फॅक्टरीत जायचं,” ते म्हणाले. “साहेबांशी बोललोय.”

“बाबा, मला गावासाठी काम करायचंय.”

“गावानं सांगितलंय तुला?”

इथे देवेशने आपली योजना मांडली. शहरातून पायी फेरी. मोठ्या देवळांना, गुंफांना पाट्या आहेत, बस आहे, शहाळंवाला आहे. ज्यांना काहीच नाही अशा नऊ जागा लोकांनी आपले आपण शोधत फिरायचं. गाईड नाही. (गाईड आला की माणूस डोळे मिटून घेतो, असं देवेशचं मत होतं. म्हणून त्याने गाईडऐवजी अडतीस पानांची पीडीएफ केली होती. ती वाचतानाही लोक डोळे मिटत होते, ही गोष्ट वेगळी.)

“एक आयतार दे रे त्याका,” देवेशची आई देवकी आतून म्हणाली. रविवारचा दिवस मुलाला मिळावा म्हणून तिने त्या दिवशी सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, केलं होतं, हे गोकुळदासांना जेवून झाल्यावर कळलं.

“बरं. वीस माणसं,” ते हात पुसत म्हणाले. “नऊच्या नऊ जागा चालून संपवायच्या. मध्येच जेवायला घरी गेला तो धरायचा नाही. जमलं तर एक वर्ष तुझं. नाही जमलं तर सोमवारी नऊला गेटवर.”

देवेशने लगेच फॉर्म फिरवला. शुक्रवारी दुपारपर्यंत सात नावं आली. त्यांतली दोन देवकीचीच, एक तिच्या फोनवरून, एक मावशीच्या. तिसऱ्याने विचारलं होतं, भजी आहेत का.

लोक येत नाहीत ते वाट सापडणार नाही म्हणून, असा निष्कर्ष देवेशने काढला. (माणसं आपल्याला कंटाळली असतील हा निष्कर्ष चोविसाव्या वर्षी काढता येत नाही.) मग वाट दाखवू. प्रत्येक जागी गोलात आकडा आणि पुढच्या जागेकडे बाण. रंग घरात होताच.

दुपारी दीड ते चार डिचोली झोपते. दुकानांची शटरं खाली, कुत्री सावलीला, पंखे पाचवर. त्या अडीच तासांत देवेशने एकट्याने नऊ ठिकाणी नऊ गोल काढले. जुन्या जकातनाक्याच्या भिंतीवर एक, दगडी बांवेच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर दोन, समया ओतणाऱ्या महादेवच्या शाळेवर, म्हणजे कारखान्यावर, तीन, शिंपल्यांच्या तावदानांची जनेलं, म्हणजे खिडक्या, असलेल्या यशोदामामीच्या घरावर चार, असं करत वडाच्या पारावर नऊ. कुणी पाहिलं नाही. मनाई करायलासुद्धा कुणी जागं नव्हतं. चार नंबरपर्यंत हात चांगला बसला, त्यामुळे मामीच्या भिंतीवरचा बाण जरा लांबच गेला.

शनिवारी सकाळी पोदेर पावांबरोबर बातमी वाटत आला.

देवेश धावत पोचला तेव्हा मामीच्या घरासमोर पंचवीस माणसं उभी होती आणि मधोमध सखारामभाई. सखारामभाई सर्व्हेतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांना रेघ दिसली की बोलल्याशिवाय राहवत नसे.

“रस्ता रुंद होतोय,” त्यांनी जाहीर केलं. “लाल घेर म्हणजे प्रॉपर्टी नंबर.”

“आणि बाण कसला?” मामीने विचारलं.

“बाण म्हणजे कुठवर जाणार तें.”

“तो तर माझ्या रांदचे कुडीकडे दाखवतोय. चूल आहे तिथं माझी.”

“मग कुकर आजच हलव.”

मामी मटकन सोप्यावर बसली. सत्तरी गाठलेली बाई, मुलगा मस्कतला. जनेलांचे शिंपले दर चतुर्थीला ती स्वतः स्टुलावर चढून पुसायची. देवेश पुढे होऊन म्हणाला, “मामी, तसं काही नाहीये, तो बाण—”

“तू भुरगो. तुला मोजणीतलं काय कळतं?” सखारामभाईंनी त्याला बाजूला सारलं. “नाक्यावर एक नंबर आहे. बांवेवर दोन. मोठं काम आहे हे.”

देवेशने ठरवलं, आधी बाबांना सांगायचं. पोसऱ्यावर गेला तर तिथे चाळीस माणसं. आणि गोकुळदास, ज्यांनी कुठल्या सभेतही कधी तोंड उघडलं नव्हतं, ते तांदळाच्या पोत्यावर उभे राहून बोलत होते.

“हे नुसते दगड न्हय,” ते म्हणत होते. “दगड बोलतात. आपण ऐकत नाही. नाक्यावर आपले पणजे उभे राहिले, त्या बांवेचं पाणी पिऊन आपण वाढलो. एक वारसा मोडला की माणूस आपल्याच गावात भाडेकरू होतो.”

हे वाक्य पीडीएफच्या अकराव्या पानावरचं. महिन्यापूर्वी देवेशने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तेव्हा बाबांनी लोणचं मागितलं होतं.

ज्या माणसाने आपला शब्दन् शब्द साठवून ठेवला, तो पोत्यावर उभा असताना ‘बाबा, तो रंग माझा’ असं सांगायचं कसं? (खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याच्या डोक्यात वीस हा आकडाही लुकलुकून गेला. इतिहासकार झाला म्हणून काय, पोटात मतलब असतोच.)

“उद्या नऊला मोर्चा,” गोकुळदास म्हणाले. “एक नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत. एकही जागा सोडायची नाही. देवेश, तुला नंबर कुठे कुठे आहेत ठाऊक?”

“सापडतील,” देवेश म्हणाला.

रविवारी नऊला नाक्यावर माणूस मावेना. घोषणा देत सगळे निघाले. बांवेपाशी मात्र कुणीतरी आत डोकावलं. मग दुसऱ्याने सांगितलं की आपल्या आईचं लग्न ती इथून दोन घागरी नेताना ठरलं. तिसऱ्याने त्याला खोडून काढलं. घोषणा राहिल्या बाजूला. महादेवने शाळा उघडून मातीचा साचा कसा घडवतात ते दाखवलं. तीन पिढ्या शेजारी राहिलेल्यांनीही तो पहिल्यांदा पाहिला. मामीने सगळी जनेलं उघडली, शिंपल्यांतून गाळलेलं ऊन जमिनीवर पडलं आणि दीडशे माणसं त्या उजेडात आळीपाळीने उभी राहून आली. तिने सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं, ग्लास कमी पडले तर वाट्यांतून.

देवेश स्वप्नात असल्यासारखा चालत होता. पुढच्या बोळापाशी मोर्चा अडला.

“पाच नंबर खंय?” कुणीतरी विचारलं.

देवेश विचार न करता सरळ नदीकडच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर उतरला. जुन्या होड्या लागायच्या तिथे.

“तुला कसं रे कळलं?” सखारामभाईंनी भुवया उंचावल्या.

“अंदाज,” देवेश म्हणाला. आठव्या नंबरच्या अंदाजाला सखारामभाई त्याच्याकडे एकटक बघत होते.

वडाच्या पारापाशी, नऊ नंबरसमोर, गोकुळदासांनी मुलाला बोलायला पुढे केलं. देवेशने लोकांकडे पाहिलं. मामी रुमालाने डोळे टिपत होती. रात्रभर ती झोपली नव्हती, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. आणि त्याच्याने राहवेना.

“रस्ता रुंद होत नाहीये,” तो म्हणाला. “नंबर मी घातले. बाण म्हणजे फक्त... पुढची जागा इकडे.”

मामी रुमाल खोचून पुढे आली.

“मेल्या,” मामी शांतपणे म्हणाली, “मी कुकर बहिणीकडे पोचवलाय.”

“मी आणून देतो, मामी.”

“आणि वॉल पुसून देशील.”

“देतो.”

“नंबर नको पुसू. बाण तेवढा पूस.”

आता सखारामभाई पुढे आले. देवेशने मान खाली घातली.

“म्हणजे हे नंबर जुन्या, नामी घरांना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“माझ्या घराचे वासे हिच्या घराहून वीस वर्षं जुने आहेत. हिला चार नंबर, आणि मला काहीच नाही? छत्तीस वर्षं लोकांना नंबर घातले मी.”

मग जो गलका झाला तो मोर्च्यातही झाला नव्हता. कुणाची तुळस जुनी, कुणाचा दरवाजा सागाचा, कुणाच्या परसात फिरंग्यांच्या वेळचा गूळ करायचा चरक. आम्ही काय काल आलो इथे? पोदेर म्हणाला, माझ्या भट्टीला सात नंबर घातलाय तो ठीक, पण एक नंबर का नाही? देवेश सगळी नावं वहीत उतरून घेत राहिला. बेचाळीस झाली.

दुपारी बापलेक घराकडे चालत निघाले.

“एकशे त्रेचाळीस,” गोकुळदास म्हणाले.

“काय?”

“माणसं. सहा जण जेवायला घरी गेले, ते धरले नाहीत.” थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “वर्ष तुझं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांना ते जमत नसे.

“फॅक्टरीच्या साहेबांना फोन केला मघाशी,” ते म्हणाले. “मुलगा येत नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, मग करतो काय? आता हेरिटेज म्हणजे काय, हे फोनवर कसं सांगणार? म्हटलं, भिंतींवर नंबर घालतो.”

“मग?”

“एकदम खूश. त्यांच्या पार्किंगला एक ते साठ घालायचे आहेत. बाणांसकट,” गोकुळदास म्हणाले. “मी हो म्हटलंय. उद्या नऊला, गेटवर.”