रोहिदासचा पांढरा कोळसा

"धूर? अहो मॅडम, उदबत्तीएवढासुद्धा येणार नाही!" रोहिदास छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि तिथंच त्याचं ग्रहमान फिरलं!

थेरगावातल्या सोसायट्यांच्या बागांतला पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्या आणायच्या, तळवड्याच्या शेडात मशीननं दाबून जळणाच्या कांड्या करायच्या, हा त्याचा धंदा. याला म्हणतात पांढरा कोळसा. दिसतो शेणासारखा, ते सोडा! आज चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्याची चाचणी होती. ही ऑर्डर हुकली तर मशीन विकायची पाळी येणार होती.

कँटीन सांभाळणाऱ्या मंजुषा मॅडमनी भट्टी पेटवायला सांगितली. कांड्या धडधडून पेटल्या. धूर खरंच नाही! रोहिदासची कॉलर ताठ!

तेवढ्यात आचारी शिंकला. मग भाजी चिरणाऱ्या बायका खोकायला लागल्या. मग जेवायला बसलेली अख्खी शिफ्ट ताटं सोडून गेटकडं पळाली!

"अरे, गॅस सुटला, गॅस!" कुणीतरी भोंगाच वाजवला.

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "हे तुमचं पर्यावरण?"

"कडुनिंबाचा पाला असेल, मॅडम..."

"कडुनिंब असा झोंबतो होय?"

रोहिदासनं घरी फोन लावला. गडबडीत स्पीकर सुरू झाला.

"आई, काल मशीनपाशी कोण गेलं होतं?"

"मीच की! दिष्ट काढली मशीनची. लोकांच्या नजरा लई वंगाळ!"

"मिरच्या कुठं टाकल्यास?"

"घरात चूल हाय का आता? दिल्या तुझ्या पाल्यात टाकून. कवातरी जळणारच न्हवं!"

"किती होत्या?"

"एवढं थोरलं मशीन! सात मिरच्यांनी काय हुतंय? अर्धा किलो घेतल्या!"

रोहिदासनं सगळ्यांपुढं हात जोडले. भट्टी साफ केली, परवा भरलेलं दुसरं पोतं फोडलं आणि पुन्हा काडी लावली. सगळे नाक धरून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एक शिंक नाही! चहाला उकळी फुटली. आचाऱ्यानं मान डोलावली, तसा रोहिदासचा जीव भांड्यात पडला आणि तो मटकन पोत्यावरच बसला.

मॅडमनी ऑर्डरवर सही केली. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या आई इकडं येतील का हो एकदा? आमची नवी प्रॉडक्शन लाइन सोमवारपासून सारखी बंद पडतेय. मिरच्या मात्र गेटबाहेर जाळायच्या!"