दक्षिणमुखी खुर्ची

दत्तोपंतांच्या बैठकीच्या खोलीत गेले आठ दिवस एक विमान उभं होतं. अख्खं नव्हे हो. प्लायवूडची एक तिरपी खुर्ची, तिच्या एका अंगाला प्लायवूडचीच भिंत, दुसऱ्या अंगाला हात टेकायचा खोका आणि त्या खोक्याच्या पोटातून घडी उलगडत बाहेर येणारं टेबल. विमानातल्या बिझनेस क्लासच्या सीटा तिरप्या असतात. सीट तिरपी असली तरी जेवणाचं टेबल माणसापुढे सरळ यावं, हे जमवायचं काम दत्तोपंतांचा मुलगा कौशिक बंगळुरूच्या एका कंपनीत करत होता. वर्षभरानं तो झाशीला घरी आला तोही हे काम काखोटीला मारूनच. बंगळुरूच्या फ्लॅटात एवढी जागा नव्हती, म्हणून खंडेराव गेटच्या रामसेवक मिस्त्रीकडून त्यानं हा सांगाडा बापाच्या घरात ठोकून घेतला.

"पण ह्या सीटा तिरप्या कशापायी करतात रे?" दत्तोपंतांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून, बाबा. एकदम प्रायव्हेट. लोक त्याचेच तर पैसे देतात."

"एकट्यानं जेवायचे पैसे? मला तर हे फुकटात मिळतंय की!"

कौशिक हसला. दत्तोपंत हसले नव्हते, पण ते त्याला दिसलं नाही, कारण तो खुर्चीत होता आणि खुर्ची तिरपी होती.

तर आठ दिवस हे असं चाललेलं. सकाळचा चहा खुर्चीत, दुपारचं जेवण खुर्चीत, रात्रीचं खुर्चीत. समोर तिपाईवर कॅमेरा, मांडीवर लॅपटॉप. टेबल उघड, मीट, कोपर आपटतंय का बघ, वाटी कलंडते का बघ. दत्तोपंत एकदा ताट घेऊन समोर स्टुलावर बसायला गेले, तर पोरगा म्हणतो, "बाबा, जरा साइडला. फ्रेममध्ये येताय." दत्तोपंत आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभ्यानं जेवले. बायको, रेवाबाई, गेल्यापासून तीन वर्षं ते तसंच जेवत होते. बसून जेवायला समोर कुणीतरी लागतं. एकट्यानं बसलं की घास फुगतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तरी कोण होतं?

आज साडेचारला कौशिकची दिल्लीची गाडी होती, तिथून पुढे बंगळुरूचं विमान. दत्तोपंतांनी पहाटेच ठरवून टाकलं, आज काही झालं तरी दोघांनी एका टेबलावर जेवायचं. घरातल्या जुन्या टेबलावरची वर्तमानपत्रं, औषधं, विजेची बिलं उपसून त्यांनी ते पुसलं. भरली वांगी केली, वरणभाताचा कुकर लावायला काढला, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी. दोन ताटं धुऊन पालथी घातली.

"बाबा, सॉरी यार," कौशिक पायांत चपला सरकवत म्हणाला. "आज लास्ट टेस्ट आहे. टेबलाचा खटका मधूनच अडकतोय, आठ दिवस झाले, पकड़ में नहीं आ रहा. उद्या सकाळी टेम्पोवाला मॉडेल घेऊन जाणार. मी सदर बाजारातून स्प्रिंग घेऊन येतो आणि इथेच पटकन खातो, हं?"

तो गेल्यावर दत्तोपंतांनी कुकर गॅसवर चढवला आणि पाठीमागे हात बांधून ते खुर्चीपुढे उभे राहिले. एक गोष्ट त्यांना आठ दिवस डाचत होती. खुर्चीचं तोंड नेमकं दक्षिणेला होतं. दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांनी ते कौशिकला सांगितलंही होतं. तर तो म्हणाला, "बाबा, विमान वळलं की दिशा पण वळते. मग घास तोंडातच धरून बसायचं का?"

'शेजारी बसून जेवायला नाही म्हणतोस, ठीक आहे,' दत्तोपंत मनात म्हणाले. 'पण आज घरातून निघायच्या दिवशी तरी यमाकडे तोंड करून जेवू देणार नाही.' आणि त्यांनी खुर्चीला खांदा लावला.

वय बहात्तर, पण हाडं रेल्वेच्या वर्कशॉपातली. चौतीस वर्षं मालडब्यांची दारं आणि खटके दुरुस्त केलेला माणूस. सांगाडा करकरत फिरला, फरशीच्या उंचवट्याला अडला, आणखी एक हिसडा दिला तसा पूर्वेला आला. तो येताना बोटभर पिळला, तेवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग दिशा बरोबर आहे ना हे बघायला दत्तोपंत आत बसले. बसलेच आहोत तर टेबलही ओढून बघू म्हणून ओढलं. टेबल मोठ्या ऐटीत बाहेर आलं, उलगडलं, पोटावर टेकलं आणि म्हणालं, खट्.

मग ते मागे जाईचना. पोट टेबलाच्या वर, मांड्या टेबलाच्या खाली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोका. मोबाईल ओट्यावर. कुकरनं पहिली शिट्टी दिली, दुसरी दिली. दत्तोपंतांनी "अरे, कोणी आहे का?" असं आपल्याच घरात ओरडून पाहिलं. कोणी नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, तरी ऐकून वाईट वाटलं.

पाचव्या शिट्टीला भांडी घासायला चंपा आली.

"हाय दैया! काए बाबूजी, जो का कर लओ?"

"आधी गॅस बंद कर! फिर इधर आ."

गॅस बंद करून चंपा आली आणि तिनं टेबल ओढलं. मग दत्तोपंतांना ओढलं. दोन्ही जागच्या जागी. मग तिनं गोडं तेल आणलं. तेलानं टेबल सुटलं नाही, धोतर मात्र गेलं. शेवटी ती धावत जाऊन रामसेवक मिस्त्रीला घेऊन आली. मिस्त्रीनं सांगाड्याला दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि आपलंच काम दत्तोपंतांना इतकं घट्ट धरून बसलेलं पाहून त्याची छाती जरा फुगली.

"बाबूजी, फिटिंग तो हमने ऐसी दी है कि हिलेगी नहीं," तो म्हणाला. "काटना पड़ेगा."

त्यानं करवत टेबलाला लावली आणि तेवढ्यात कौशिक दारात.

"आरी हटाओ! हात मत लगाना!"

दत्तोपंतांना बरं वाटलं. पोराला काळजी आहे. पोरगा धावत आला तो थेट खटक्यापाशी वाकला, आणि त्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा उजळला.

"अडकला! बाबा, अडकला! आठ दिवस मी हाच फॉल्ट शोधतोय! हलू नका, बिलकुल हलू नका. आधी रेकॉर्ड करतो." आणि त्यानं कॅमेरा लावला.

"अरे, मी अडकलोय!"

"तेच तर!"

मिस्त्री करवत घेऊन गेला. कौशिकनं बॅटरी मारून पाहिलं, पट्टीनं मोजलं, खालून वर, वरून खाली ओढलं. एक वाजला, दीड वाजला. दत्तोपंतांची रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची. शेवटी चंपानंच कंबरेवर हात ठेवले. "भैया, खाना यहीं परोस दें? बाबूजी का मुँह उतर गओ."

आता त्या टेबलावर एकच ताट मावत होतं. आणि कौशिकला खटक्यावरून नजर हलवायची नव्हती, म्हणून तो समोर स्टुलावर बसला. चंपानं दोघांचं एकाच ताटात वाढलं.

"ही कोशिंबीर उजवीकडे आली," दत्तोपंत म्हणाले.

"बाबा, माझ्या डावीकडेच आहे. तुमचं उजवं ते माझं डावं."

"मग वांगं माझ्या डावीकडे आलं."

"मग आज उलटं जेवा ना!"

दत्तोपंत उलटं जेवले. समोर पोरगा वरणभात कालवत होता. भाताचा डोंगर करून मध्ये खळगा, त्यात वरण, अगदी चौथीत होता तसाच. पहिल्या घासाला त्याचे डोळे मिटले.

"आईसारखं झालंय वांगं," तो म्हणाला.

"तिच्याच वहीत बघून करतो."

"रोज?"

"रोज कुठलं! एकट्यासाठी कोण भरतं वांगी?"

कौशिक घास चावत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मी पण तिकडे लॅपटॉपसमोरच खातो, बाबा. काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही."

दत्तोपंतांचा डावा हात ताटाखाली होता, ताट डुगडुगू नये म्हणून. अंगठा सहज टेबलाच्या कडेच्या खटक्यावर गेला. चौतीस वर्षांचा अंगठा तो. डोक्याला जे सकाळपासून सुचलं नाही ते त्याला कळलं. अरे, डबा पिळला की दाराचा खटका असाच बसतो! ओढून निघत नाही. आधी आत दाबायचं, मग उचलायचं. त्यांनी दाबलं, उचललं. टेबल दोन इंच वर आलं.

सुटले की!

त्यांनी मान वर केली. कौशिक ताटातल्या वांग्याचं देठ चोखत होता. आता 'सुटलं' म्हटलं की हा उठणार, पट्टी घेणार, लॅपटॉप उघडणार, आणि साडेचारला गाडीत बसणार. ताटात अजून अर्धा भात होता. दत्तोपंतांनी हळूच टेबल खाली दाबलं. खट्.

"काय झालं?" कौशिकनं विचारलं.

"काही नाही. थोडा भात घे."

भात दोनदा झाला. ताक झालं. मग आईच्या गोष्टी निघाल्या, बेतवा नदीत बुडवलेल्या चपलांची गोष्ट निघाली, कौशिक इतका हसला की त्याला ठसका लागला. साडेतीनला मात्र नाइलाज झाला. दत्तोपंतांनी "बघू, आणखी एकदा हिसडा देतो," असं मोठ्यानं म्हणून खटका सोडवला. कौशिकनं त्यांना मिठी मारली, त्यांनी त्याच्या हातावर दही घातलं, आणि रिक्षा कोपऱ्यावरून वळली.

घर पुन्हा होतं तसं झालं. दत्तोपंत त्या खुर्चीत जाऊन बसले. उद्या टेम्पोवाला येणार आणि हीही जाणार. त्यांना मनापासून रडू येत होतं, पण दिवेलागणीला रडू नये म्हणून ते थांबले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, एक वाजून बावन्न मिनिटं," कौशिक म्हणाला. मागे गाडीचा खडखडाट होता.

"काय एक बावन्न?"

"व्हिडिओ बघतोय. टेबल दोन इंच वर आलं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलं. मग टेबल परत खाली. खट्. आवाज पण आलाय."

दत्तोपंतांचे कान तापले. चोरी पकडली गेली होती, तीही फ्रेममध्ये येऊन. "अरे, ते... ताक सांडलं असतं म्हणून."

"ताक तेव्हा आलंच नव्हतं, बाबा."

दत्तोपंतांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आठ दिवस ज्याच्याशी झटापट केली तो खटका तुम्ही जेवता जेवता सोडवलात. एका हातानं. कसा? ताटाखाली काही दिसत नाही."

उत्तर चार शब्दांचं होतं. आधी दाबायचं, मग उचलायचं. दत्तोपंतांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"ते फोनवर नाही समजायचं रे," ते म्हणाले. "फार अवघड काम आहे. समोर बसून दाखवायला लागेल."



"मला पण तसंच वाटलं," कौशिक म्हणाला. "उद्याच्या टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलंय. पंधरा तारखेला येतो. चार-पाच दिवस लागतील ना?"

"आठ तरी धर," दत्तोपंत म्हणाले.