गुरुअण्णांचा डेव्हलपर

पन्नाशी उलटलेला माणूस दुकानात उकिडवा बसून एकेक गोटी उजेडात धरून निवडतोय, याचं आमच्या गल्लीत कुणाला नवल वाटायचं नाही. शेजारचे गुरुअण्णा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून येताना गोट्या आणायचे. त्यांनी न्हाणीघराची डार्करूम केली होती. फिल्म धुण्याचा डेव्हलपर औषधाच्या तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरलेला असे, कारण हवा लागली की तो खराब होतो. थोडा वापरला की अण्णा आत गोट्या सोडत आणि पातळी पुन्हा बुचापर्यंत आणत. "वारा लागाय नको" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

फोटोचा नाद मला त्यांनीच लावला. एकदा मी त्यांच्याकडं डेव्हलपरच्या पावडरीचं अर्धं पाकीट मागितलं.

"चहापूड हाय व्हय ही? आत चार जिन्नस हायत. वर कुठला, खाली कुठला, तुला काय ठावं? घोळायचं तर सगळं!"

मग गरम पाणी, तापमापक, काचेची कांडी. जरा जोरात ढवळलं की ओरडायचे, "ताक करायलाईस व्हय?" एवढी निगुती मी कुणाच्या देवपूजेतही पाहिली नाही.

त्यांच्या बायकोला, काकूंना, मात्र फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. फक्त एकदा, मलकापूरला बहिणीच्या शेतात, त्यांनी तो अण्णांच्या हातातून हिसकावला आणि अख्खा रोल संपवला. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

तो रोल अण्णांना धुववेना. त्याच्यासाठी ताजा डेव्हलपर करायचे आणि म्हणायचे, "जरा गढूळ वाटतोय." अशी वर्षं गेली. डिजिटल आलं, पाकिटं मिळेनाशी झाली. एकच उरलं.

"ह्यो बिघडला तर संपलंच की," अण्णा म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि कांडी माझ्या हातात दिली. मी श्वास धरून ढवळलं.

ओली फिल्म खिडकीशी धरली. आली होती! सगळीकडं अण्णाच; कुठं डोकं कापलेलं, कुठं तिरपे. आणि जिकडंतिकडं काकूंचं बोट भिंगापुढं आलेलं. एरवी असली फिल्म अण्णांनी शिव्या घालत फेकली असती.

त्यातल्या एकाचाच त्यांनी मोठा फोटो केला. त्यात अण्णा दिसतच नाहीत. चौकटभर नुसतं काळपट, धूसर बोट. तो सोप्यात टांगलाय. हे काय, म्हणून कुणी विचारलंच, तर अण्णा सरसावून बसतात.

"आमची मंडळी हाय ती, पावणं."