एका लॅपटॉपचे दोन राखणदार

दुपारी दोन वाजता अनुवादकाच्या लॅपटॉपवर लाल चौकट उगवली: ‘धोका आढळला.’ पाचच्या आत कादंबरीचा अनुवाद प्रकाशकाकडे पोचायला हवा होता. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतलेली. आता चुकली, तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार आणि वर्षभराची मेहनत पाण्यात.

धोका म्हणजे मेहुण्याने रविवारी बसवून दिलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर. मेहुणा तेच विकायचा.

“अरे, लॅपटॉपमध्ये मुळातच एक आहे की,” अनुवादक तेव्हा म्हणाला होता.

“भाऊजी, घर बांधणाऱ्याकडूनच कुलूप घ्यायचं? एक चावी त्याने ठेवून घेतली नसेल कशावरून?”

“पण घराला भोकं कुठे आहेत, हे त्यालाच ठाऊक असणार ना?”

“म्हणजे भोकं त्यानेच ठेवली,” मेहुणा म्हणाला. बायको भावाकडे कौतुकाने बघत होती. विषय तिथेच संपला.

नवा राखणदार आला, की जुना आपणहून बाजूला होतो. पण कुणाला घरी बसवणं अनुवादकाच्या जिवावर यायचं. मेहुण्याची पाठ वळताच त्याने जुन्याला, बऱ्याच खटपटी करून, गुपचूप पुन्हा कामावर घेतलं. दोघांचंही मन राखलं, असं त्याला वाटलं.

आता दोघे एकमेकांना चोर समजत होते. जुना नव्याला धरायचा, नवा सुटून जुन्याला धरायचा. पंखा घरघरू लागला. आणि कादंबरी दोघांच्या तावडीत. उघडायला जावं, तर ‘तपासणी चालू आहे.’

“तुम्ही काहीतरी दाबलं असेल,” बायको म्हणाली.

“मी फक्त श्वास घेतोय.”

“मग भाऊला बोलावते.”

मेहुणा आला तेव्हा साडेचार वाजत आले होते. त्याने दोन राखणदार पाहिले आणि भाऊजींकडे दुखावल्या नजरेने पाहिलं. अनुवादक खिडकीबाहेर बघू लागला. शेवटी मेहुण्याने लॅपटॉप अशा रीतीने सुरू केला, की नवा राखणदार जागाच झाला नाही. अनुवाद पेन ड्राइव्हवर निघाला. मेहुण्याने तो स्वतःच्या लॅपटॉपला लावला. फाइल पटकन उघडली आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना प्रकाशकाकडे गेली. अनुवादकाला रडू यायचंच बाकी होतं.

मग त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं.

“तुझ्या लॅपटॉपवर तुझं सॉफ्टवेअर दिसत नाही रे.”

मेहुणा पेन ड्राइव्ह काढण्यात गुंतला. “ते... मशीन जरा जड होतं त्याने. मला दिवसभर काम असतं, भाऊजी.”

“मग तुझ्या लॅपटॉपला कोण सांभाळतं?”

“आतलंच आहे की एक,” मेहुणा पुटपुटला.

अनुवादक बायकोशी तिच्या भावावरून भांडण्याइतका ताजातवाना नव्हता. त्यामुळे बायकोनेच नवऱ्याचा लॅपटॉप बंद केला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि दोन्ही भावाच्या हातात दिली.

“हा तू घेऊन जा,” ती म्हणाली. “तुझं ते सॉफ्टवेअर यात आहेच. सुरक्षित राहशील.”

“आणि माझा लॅपटॉप?”

“तो यांना लागेल. यांनाही दिवसभर काम असतं.”