किर्र-कुईं-खट्

मुलांनो, एका जंगलात एक घाट होता. घाटात एक खिंड होती. खिंडीत एक बिबट्या होता. घाबरू नका. घाबरायला मी आहे.

घाटमाथ्यावर अवंती नावाची सशीण राहायची. खालच्या शाळेत ती शिकवायला होती. जायला-यायला तिच्याकडे डोंगरात चालवायची खास सायकल होती. दगडधोंडे आले की हिचं मागचं चाक आपलं आपण वर-खाली झुलायचं. त्यासाठी सांगाड्यात बिजागऱ्या होत्या आणि प्रत्येक बिजागरीत एकेक चिमुकलं बेअरिंग.

चिखल खाऊन खाऊन ती बेअरिंगं झिजली. सायकल ओरडू लागली. किर्र-कुईं-खट्. किर्र-कुईं-खट्.

"मेले!" अवंती दर वळणावर म्हणायची. "आज त्यानं नक्की ऐकलं."

शाळेची वाट एकच होती. खिंडीतून. चार महिने तिनं ती कशीबशी काढली. मग आठवड्याची रजा टाकली, कबुतराकडून नवी बेअरिंगं मागवली आणि ठरवलं की आता दुरुस्ती घरीच. सोमवारी जायचं ते आवाज न करता.

आता त्या जंगलात एक रीत होती. कोणाच्या अंगणात काही उघडून ठेवलेलं दिसलं, की सल्ला दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. अवंतीनं सायकल उलटी केली मात्र, शेजारचे वानर दिगूकाका फांदीवरून उतरलेच. काकांनी दुरुस्तीचे दोनशे व्हिडिओ पाहिले होते. स्क्रू एकही पिळला नव्हता.

"बेअरिंग गेलंय," काका म्हणाले.

"माहितेय, काका."

"आणि तू बदलणार? अगं, परवा माझ्या हातून पापड मोडला, तर तू पलंगाखाली शिरलीस!"

"मोठा होता तो पापड."

"बरं, नवी बेअरिंगं दोन तास फ्रीजरमध्ये ठेव. गारठली की आक्रसतात. मग सुळ्ळकन आत जातात."

अवंतीनं ती गाजरहलव्याच्या डब्याशेजारी ठेवली. मग चाक काढलं. बोल्ट काढले, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. जुन्या बेअरिंगाला मागून ठोका दिला. एक. दोन. तिसऱ्याला ते टण्णकन उडालं. अवंती तुळशीवृंदावनामागे. काका झाडावर.

"मी सिग्नल बघायला आलो होतो," काका वरून म्हणाले.

नवं बसवायची वेळ आली.

"हाण हातोडी!"

"हातोडी नको, काका. लांब बोल्ट आरपार घालायचा, दोन्हीकडे वॉशर लावायचे आणि नट हळूहळू आवळायचा."

"मग छोटा वॉशर घे. दाब कसा मधोमध पडला पाहिजे."

अवंतीनं छोटा वॉशर घेतला. नट आवळला. कट्! बेअरिंगाचं आतलं कडं रुसलं ते रुसलंच. फिरेचना.

"बाहेरच्या कड्यावर दाबायचं असतं," अवंती रडवेली होऊन म्हणाली.

"तेच तर मी केव्हाचं सांगतोय!"

नशीब, कबुतरानं एक जास्तीचं आणलं होतं. या वेळी अवंतीनं मोठा वॉशर घेतला आणि काकांच्या हातात हलव्याची वाटी दिली. काकांचं तोंड बंद झालं आणि बेअरिंगं एकामागून एक बसली. सुळ्ळ. सुळ्ळ. सुळ्ळ. तिनं चाक चढवलं, सीट दाबून पाहिली. आवाज नाही! पुन्हा दाबली. काहीच नाही! अंगणात दोघांनी फुगडी घातली.

सोमवारी अवंती घाट उतरली ती वाऱ्यासारखी. शेपटी ताठ, कान मागे, खदाखदा हसत. एवढी शांतता, की स्वतःचं हसू ऐकून ती दोनदा दचकली.

खिंडीत, अगदी वाटेच्या मधोमध, बिबट्या ऊन खात बसला होता.

अवंतीनं ब्रेक दाबले. तेही वाजले नाहीत. ते ती आधीच नीट करून बसली होती.

"अरे वा, ससा!" बिबट्या म्हणाला.

"सशीण," अवंती म्हणाली. शिकवण्याची सवय. जाता जात नाही.

"बरं, सशीण. एक सांग, ते गेलं का गं?"

"काय?"

"ते जनावर! किर्र-कुईं-खट् करत जायचं ते. चार महिने सकाळ-संध्याकाळ मी गुहेत कानात बोटं घालून बसलोय. आठवडा झाला, आलं नाही. म्हटलं, बाहेर पडावं." तो उठला. अंग ताणून मिशीवरून जीभ फिरवली. "भूक लागलीय फार."

अवंती सायकलीमागे दडली. पण तोंड उघडलं.

"किर्र!"

बिबट्यानं कान टवकारले.

"कुईं!" अवंती किंचाळली. "खट्! खट्! खट्!"

"बाई गं, हेच ते!" म्हणत बिबट्या शेपूट पोटाशी घेऊन गुहेत पसार झाला.

तेव्हापासून, मुलांनो, अवंती घाट चढता-उतरता स्वतःच ओरडते. जुनी बेअरिंगं परत बसवली असती, पण ती काकांनी 'ब्याद गेली' म्हणून दरीत भिरकावली होती. आता ती ज्येष्ठमध चघळते आणि वर्गात सगळं फळ्यावर लिहून दाखवते.

परवा काकांनी तिचा घसा तपासला.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "घरी करता येईल. व्हिडिओ आहे."

तात्पर्य: दुरुस्ती घरच्या घरी जरूर करावी. फक्त ती नीट जमू देऊ नये.